विश्लेषण : बॅसून शिकणाऱ्यांना वायसेनबॉर्न का भेटतात?

'फँटेशिया' या डिस्नेच्या १९४० च्या चित्रपटात मिकी माऊस जादूच्या झाडूला पाणी भरायला लावतो आणि झाडू ठुमकत ठुमकत चालू लागतो. त्या चालीमागे जे जाडसर, किंचित विनोदी वाद्य वाजते ते बॅसून. वाद्याचे नाव माहीत नसले तरी आवाज अनेकांच्या कानात असतो. युरोप-अमेरिकेत हे वाद्य शिकायला बसणाऱ्या मुलाच्या स्टँडवर पहिल्या काही महिन्यांत एक नाव हमखास येते : युलियस वायसेनबॉर्न. लाइपझिगच्या गेवांडहाउस ऑर्केस्ट्रात तीस वर्षे प्रमुख बॅसूनवादक म्हणून बसलेल्या या जर्मन माणसाने संगीत विद्यालयात जेमतेम सहा वर्षे शिकवले, आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यावर एक शिकवणीचे पुस्तक छापले आणि वर्षभरात त्यांचे निधन झाले. पुस्तक मात्र १८८७ पासून आजवर वापरात आहे. ते कसे टिकले आणि टिकताना त्याचे काय झाले, याविषयी.

बॅसून नेमके काय असते?

फुंकून वाजवायचे, लाकडी, लांबच लांब वाद्य. आतील नळी सरळ केली तर सुमारे अडीच मीटर भरेल. एवढी लांब नळी हातात धरता येणार नाही म्हणून ती मध्ये दुमडलेली असते. हवा एका बाजूने खाली जाते, तळाशी वळते आणि दुसऱ्या बाजूने वर येऊन बाहेर पडते. दुमडूनही वाद्याची उंची साडेचार फुटांच्या आसपास राहते. इटालियन आणि जर्मन भाषांत त्याला 'फागोट्टो' आणि 'फागोट' म्हणतात. या नावाचा संबंध लाकडांच्या मोळीशी जोडला जातो आणि वाद्याचे सुटे भाग एकत्र बांधलेले पाहिले की तो पटतो.

आवाज निघतो तो दुहेरी रीडमधून. बोरूच्या जातीच्या जाड वेताच्या दोन पाती एकावर एक बांधलेल्या असतात आणि त्यांच्यातील बारीक फटीतून फुंकर गेली की त्या थरथरतात. आपल्या सनईत तत्त्व हेच आहे. फरक असा की सनई मोकळ्या आवाजात चौघडा गाजवते, तर बॅसूनचे काम बहुतेक वेळा इतरांच्या खाली राहून आधार देण्याचे असते. व्यावसायिक बॅसूनवादकांपैकी बरेच जण आपली रीड स्वतःच तासतात आणि वाजवण्याइतकाच वेळ या तासकामात जातो अशी त्यांची कायमची तक्रार असते.

खरी अडचण बोटांची. बासरीत किंवा क्लॅरिनेटमध्ये अंगठ्याला फारसे काम नसते. बॅसूनमध्ये एकट्या डाव्या अंगठ्याकडे आठ-नऊ चाव्या येतात. काही स्वरांसाठी छिद्र पूर्ण न झाकता अर्धेच झाकावे लागते. एकच स्वर दोन-तीन निरनिराळ्या मांडण्यांनी निघतो आणि त्यातली कोणती कुठे वापरायची हे मागचा-पुढचा स्वर पाहून ठरवावे लागते. थोडक्यात, हे वाद्य नुसते ऐकून किंवा बघून शिकता येत नाही. कोणीतरी क्रमाने सांगावे लागते. वायसेनबॉर्न यांच्या पुस्तकाची गरज इथून सुरू होते.

त्यांच्याआधी काय घडले होते?

मोत्सार्टने १७७४ मध्ये बॅसून कॉन्चेर्टो लिहिला तेव्हा या वाद्यावर मोजक्याच चाव्या होत्या. काही स्वर घोगरे, काही बेसूर. वादकाने ओठांनी सांभाळून घ्यायचे. एकोणिसाव्या शतकात ऑर्केस्ट्रा मोठा होऊ लागला, संगीतकार अवघड सुरावटींत लिहू लागले आणि हे सांभाळून घेणे पुरेसे ठरेना.

बदल घडवला तो कार्ल आल्मेनरेडर या दुसऱ्या एका बॅसूनवादकाने. १७८६ चा जन्म. बहुतांशी स्वतःच शिकलेला. नाट्यगृहाच्या ऑर्केस्ट्रात वाजवले, लष्करी बँडमध्ये काम केले, शिकवले, स्वतः रचनाही केल्या. ध्वनिशास्त्राचा अभ्यासक गॉटफ्रीड वेबर याच्या विचारांच्या आधारे त्याने बॅसूनची छिद्रे कुठे असावीत, किती मोठी असावीत याचा नव्याने विचार केला आणि १८२३ च्या सुमारास सतरा चाव्यांच्या सुधारित बॅसूनविषयी लिहिले. पुढे १८३१ मध्ये योहान आडाम हेकेल या तरुण कारागिराबरोबर त्याने ऱ्हाइनकाठच्या बीब्रिख येथे भागीदारीत कारखाना सुरू केला. हे बीब्रिख आज वीसबाडेन शहराचा भाग आहे. 'हेकेल' हे नाव बॅसूनच्या जगात अजूनही पहिले घेतले जाते.

आल्मेनरेडरने १८४३ मध्ये एक शिकवणीचे पुस्तकही काढले आणि तीन वर्षांनी तो गेला. पण हेकेल घराण्याचे काम थांबले नाही. चाव्या वाढत गेल्या, जागा सरकत गेल्या. फ्रान्समध्ये वेगळ्याच घडणीचे बॅसून चालू राहिले, ते आजही काही जण वाजवतात. जर्मनीत मात्र १८८० पर्यंत परिस्थिती अशी होती की हातातले वाद्य बरेच पुढे गेले होते आणि शिकवणीचे पुस्तक चाळीस वर्षे जुने होते.

वायसेनबॉर्न कोण होते?

थुरिंगियातील आयझेनबर्गजवळच्या फ्रीडरिख्स-टानेक या छोट्या गावी १३ एप्रिल १८३७ रोजी त्यांचा जन्म झाला. वयाच्या विसाव्या वर्षी, १८५७ मध्ये, ते लाइपझिगच्या गेवांडहाउस ऑर्केस्ट्रात प्रमुख बॅसूनवादक झाले आणि १८८७ पर्यंत त्याच जागी राहिले. मराठीत 'बसून' असे लिहिण्याचा मोह टाळून या लेखात 'बॅसून' लिहिले आहे. पण तीस वर्षे एकाच खुर्चीत बसून बॅसून वाजवणाऱ्या माणसाबाबत तो श्लेष अगदीच वावगा म्हणता येणार नाही.

त्यांच्याविषयी किस्से फार नाहीत. दौरे करून टाळ्या मिळवणारे ते वादक नव्हते. व्हायोलिन किंवा पियानो वाजवणाऱ्याला त्या काळी युरोपभर मैफली करता येत. बॅसून वाजवणाऱ्याला पगारी जागा मिळाली की तीच त्याची दुनिया. त्यामुळे त्यांचे आयुष्य समजून घ्यायचे तर ती खुर्ची कुठे होती हे पाहावे लागते.

गेवांडहाउस म्हणजे काय, आणि तिथे काय वाजत होते?

गेवांडहाउस म्हणजे शब्दशः कापड व्यापाऱ्यांचे घर. लाइपझिगच्या नागरिकांनी पैसे जमवून १७४३ मध्ये मैफली सुरू केल्या. १७८१ पासून त्या कापड व्यापाऱ्यांच्या इमारतीतील सभागृहात होऊ लागल्या आणि ऑर्केस्ट्राला तेच नाव चिकटले. इथे राजाचा दरबार नव्हता. शहरातील व्यापारी आणि शिकलेले लोक हेच आश्रयदाते. मेंडेल्सझोनने १८३५ पासून या ऑर्केस्ट्राला युरोपात नाव मिळवून दिले.

या वादकांना एक नव्हे तर तीन कामे होती आणि ती आजही आहेत : सभागृहातील मैफली, शहराचा ऑपेरा आणि बाखच्या थॉमसकिर्शे चर्चमधील संगीत. म्हणजे एकाच आठवड्यात बेथोव्हेनची सिंफनी, रात्री वाग्नरचा ऑपेरा आणि चर्चमध्ये बाखचा कंटाटा. बॅसूनवादकाला या तिन्ही ठिकाणी वेगवेगळे वागावे लागते. बाखमध्ये तो चेलोबरोबर तळ धरतो. बेथोव्हेनच्या चौथ्या सिंफनीच्या शेवटच्या भागात अचानक एकट्यानेच, जिभेच्या वेगाची परीक्षा पाहणारा तुकडा त्याच्या वाट्याला येतो. मोत्सार्टच्या 'फिगारो'ची सुरुवातच व्हायोलिनांबरोबर बॅसूनच्या कुजबुजत्या धावपळीने होते. वाग्नरच्या 'टानहॉयझर'मध्ये पडदा उघडण्याआधी क्लॅरिनेट आणि हॉर्नसोबत त्याने प्रार्थनेसारखे संथ गायचे असते.

आणि काळ कोणता? वायसेनबॉर्न तिथे रुजू होऊन दोन वर्षे झाली नव्हती तेव्हा, जानेवारी १८५९ मध्ये, तरुण ब्राह्म्स आपला पहिला पियानो कॉन्चेर्टो घेऊन आला आणि श्रोत्यांनी तोंडाने हिस्स आवाज करून त्याची संभावना केली. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १८६९ मध्ये, त्याच ब्राह्म्सचे 'जर्मन रेक्विएम' पहिल्यांदा संपूर्ण सादर झाले ते याच सभागृहात. १ जानेवारी १८७९ रोजी त्याचा व्हायोलिन कॉन्चेर्टो पहिल्यांदा वाजला तोही इथेच, योआखिमच्या व्हायोलिनवर आणि स्वतः ब्राह्म्सच्या संचालनाखाली. वाग्नरच्या 'रिंग' या चार ऑपेरांच्या मालिकेला बायरॉइटबाहेर मंच देणाऱ्या पहिल्या नाट्यगृहांत लाइपझिग होते, ते १८७८ मध्ये. डिसेंबर १८८४ मध्ये ब्रुकनरची सातवी सिंफनी आर्थर निकिशच्या हाताखाली इथल्या नाट्यगृहात पहिल्यांदा ऐकू आली. १८८६ मध्ये तिथे दुसरा संचालक म्हणून आलेल्या सव्वीस वर्षांच्या तरुणाचे नाव होते गुस्ताव माहलर.

या सगळ्या वर्षांत बॅसूनची पहिली खुर्ची वायसेनबॉर्न यांच्याकडे होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जर्मन संगीत घडत असताना ते त्याच्या आत बसलेले होते. विद्यार्थ्याला उद्या कोणत्या अडचणी येणार आहेत हे त्यांना पुस्तकात शोधावे लागले नसेल.

शिकवणे कधी सुरू झाले?

लाइपझिगचे संगीत विद्यालय मेंडेल्सझोनने १८४३ मध्ये स्थापन केले. नॉर्वेचा ग्रीग, इंग्लंडचा सलिव्हन, मोराव्हियाचा यानाचेक असे परदेशी विद्यार्थी तिथे येत. पण सुरुवातीचा भर पियानो, व्हायोलिन, गायन, ऑर्गन आणि रचनाशास्त्र यांवर होता. बॅसूनसाठी शिक्षक नेमला गेला १८८२ मध्ये आणि तो पहिला शिक्षक म्हणजे वायसेनबॉर्न. तेव्हा ते पंचेचाळीस वर्षांचे होते.

ही नेमणूक वाटते तितकी किरकोळ नव्हती. तोवर फुंकवाद्ये प्रामुख्याने उमेदवारीने शिकली जात. एखाद्या शहराच्या किंवा लष्करी बँडमध्ये मुलगा दाखल व्हायचा आणि उस्ताद सांगेल ते, सांगेल त्या क्रमाने उचलायचा. शाळेतल्या वर्गाला हे चालत नाही. वर्गाला पाठ्यक्रम लागतो. वायसेनबॉर्न यांनी तो लिहिला. १८८७ मध्ये लाइपझिगच्याच रॉबर्ट फोरबर्ग या प्रकाशकाने त्यांची 'प्राक्टिशे फागोटशूले', म्हणजे बॅसूनचे व्यावहारिक शिक्षण, बाजारात आणली. सोबत 'ओपस ८' या क्रमांकाखाली स्वाध्यायांचे दोन भाग आहेत, पहिला नवशिक्यांसाठी आणि दुसरा पुढे गेलेल्यांसाठी. दुसऱ्या भागात पन्नास स्वाध्याय आहेत. बॅसूनवादकांमध्ये नुसते 'वायसेनबॉर्नचा अमुक नंबर' म्हटले की समोरच्याला कळते.

लाइपझिग हे त्या काळी स्वरलिपी छापण्याचे युरोपातील मोठे केंद्र होते. ब्राइटकोफ, पेटर्स, हॉफमाइस्टर हे प्रकाशक तिथलेच. इथे छापलेले पुस्तक लंडन, सेंट पीटर्सबर्ग, न्यूयॉर्कपर्यंत सहज पोहोचे. हेकेल पद्धतीचे बॅसून जगभर पसरू लागले तेव्हा त्याच्याबरोबर जाण्यासाठी योग्य पुस्तक तयारच होते. पुस्तक चांगले होते हे खरेच, पण नशिबाचाही वाटा होता.

त्या पुस्तकात विशेष काय?

पहिली गोष्ट म्हणजे विद्यार्थी एकटा पडत नाही. सुरुवातीच्या अनेक धड्यांत खाली दुसऱ्या बॅसूनची ओळ आहे, ती शिक्षकाने वाजवायची. मुलाला चारच स्वर येत असतील तरी त्या चार लांब स्वरांच्या खाली शिक्षक असे काही वाजवतो की दोघे मिळून संगीत होते. कान सुरात राहतो आणि पहिल्याच महिन्यात दुसऱ्याबरोबर वाजवण्याची सवय लागते. ज्या वाद्याचे सगळे आयुष्य इतरांबरोबर जाणार आहे त्याची सुरुवात अशीच हवी, हे ऑर्केस्ट्रात बसलेल्या माणसालाच सुचणार.

दुसरी गोष्ट क्रमाची. ओपस ८ च्या पहिल्या भागात स्वर कसा सोडायचा याकडे आधी लक्ष दिले आहे : सलग ओढून, जोडून की तोडून. बॅसूनला विनोदी वाद्य म्हणून जी ख्याती मिळाली ती तुटक, टपटप स्वरांमुळे. पण तेच वाद्य वरच्या पट्टीत माणसाच्या गळ्याच्या अगदी जवळ जाते. त्या पट्टीत लिहिण्यासाठी स्वरलिपीत निराळी खूण, टेनर क्लेफ, वापरतात. म्हणजे त्याच रेघांवर सगळे स्वर नव्याने वाचायला शिकायचे. विद्यार्थी इथे वैतागतात. त्यासाठीही त्यांनी स्वतंत्र स्वाध्याय दिले आहेत.

तिसरी गोष्ट जरा मतभेदाची. पन्नास प्रगत स्वाध्यायांतले बरेचसे बोटांच्या कवायतीपेक्षा छोट्या रचनांसारखे वाटतात. काही गाण्यासारखे आहेत, काही मिस्कील, काही वादळी. काही शिक्षकांना वाटते की विसाव्या शतकातील अवघड लयी आणि अगदी वरचे स्वर यांची तयारी इथे होत नाही. ते बरोबरच आहे. १८८७ च्या माणसाने स्ट्राविन्स्कीची तयारी कशी करून घ्यावी? १९१३ मध्ये 'राइट ऑफ स्प्रिंग'ची सुरुवातच स्ट्राविन्स्कीने बॅसूनच्या अतिउंच, एकाकी स्वरांनी केली आणि वाद्याच्या मर्यादेची कल्पनाच बदलून गेली. म्हणून वायसेनबॉर्ननंतर बहुतेक विद्यार्थी प्रागच्या लुडविग मिल्डे यांच्या स्वाध्यायांकडे आणि मग आधुनिक साहित्याकडे वळतात. पण पाया घालताना पहिल्यांदा हात जातो तो ओपस ८ कडेच.

संगीतकार म्हणून त्यांची जागा कोणती?

ती माफक होती आणि त्यांनी स्वतः काही फार वेगळे सांगू पाहिले असे रचनांवरून वाटत नाही. शुमान आणि मेंडेल्सझोनच्या वळणाचे, सुबक, घरगुती बैठकीत शोभणारे संगीत. ओपस ३ ची 'रोमान्स', ओपस ९ मधील 'आरिओझो' आणि 'ह्युमरेस्क', ओपस १४ चे 'काप्रिचिओ' या बॅसून आणि पियानोच्या रचना आजही परीक्षांच्या आणि विद्यार्थी मैफलींच्या यादीत असतात. तीन बॅसूनसाठी लिहिलेले ओपस ४ चे सहा तुकडे ऐकताना तीन जाड गृहस्थ अदबीने गप्पा मारत असल्यासारखे वाटते.

त्यांचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. मोत्सार्ट आणि वेबर यांच्या कॉन्चेर्टोंनंतर एकोणिसाव्या शतकातील मोठ्या संगीतकारांनी बॅसूनला पुढे उभे राहून गाण्याची संधी फारशी दिलीच नाही. ब्राह्म्सने क्लॅरिनेटसाठी दोन सोनाटा लिहिले, बॅसूनसाठी एकही नाही. ती रिकामी जागा वाद्य वाजवणाऱ्यांनाच भरावी लागली. 'काप्रिचिओ' जरूर ऐकावे. त्यात बॅसून एकाच श्वासात गमतीदारही होते आणि हळवेही, आणि या वाद्याकडून लोकांची अपेक्षा फक्त पहिल्याचीच असते.

पुस्तकाचे पुढे काय झाले?

पुस्तक छापले त्याच वर्षी वायसेनबॉर्न यांनी ऑर्केस्ट्रातील जागा सोडली. २१ एप्रिल १८८८ रोजी, एक्कावन्नावा वाढदिवस होऊन आठ दिवस झाले असताना, लाइपझिगमध्ये त्यांचा मृत्यू झाला. आपल्या पुस्तकावर दुसरी-तिसरी आवृत्ती काढून सुधारणा करण्याची संधी त्यांना मिळालीच नाही.

ती इतरांनी घेतली. जर्मनीत आणि विशेषतः अमेरिकेत नव्या संपादकांनी पुस्तक 'वाढवून' काढले. धडे पुढे-मागे केले, काही नवे घातले, सूचना बदलल्या. मुखपृष्ठावर नाव वायसेनबॉर्न यांचेच राहिले. परिणाम असा की विसाव्या शतकात हजारो मुले 'वायसेनबॉर्न' शिकली, पण त्यातले मूळ किती आणि भर किती हे त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. वाद्यही बदलत होते. १८८७ च्या बॅसूनवर चालणारी बोटांची मांडणी आजच्या बॅसूनवर सर्वत्र चालत नाही. त्यामुळे फेरफार पूर्ण चुकीचे होते असेही म्हणता येत नाही. मात्र मूळ लेखकाचा हेतू त्यात झाकला गेला, हे नुकसान खरे.

एकविसाव्या शतकात अमेरिकेतील बटलर विद्यापीठातील बॅसून शिक्षक डग स्पॅनिओल यांनी मूळ आवृत्तीकडे परत जाऊन आजच्या विद्यार्थ्यांसाठी वायसेनबॉर्न पद्धतीचे नवे पुस्तक तयार केले. वायसेनबॉर्न यांच्या रचनांवरील स्वामित्वहक्क केव्हाच संपला असल्याने जुन्या प्रती आयएमएसएलपी या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. मोबाइलच्या पडद्यावर लाइपझिगची ती जुनी छपाई नीट वाचताही येते.

त्यांनी शेवटची काही वर्षे ज्यात वाजवले ते डिसेंबर १८८४ मध्ये उघडलेले नवे गेवांडहाउस दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाले. ते कसे दिसत असे याची थोडी कल्पना बोस्टनच्या सिंफनी हॉलवरून येते, कारण १९०० मध्ये तो बांधताना नमुना म्हणून हेच सभागृह समोर होते. लाइपझिगमधील सध्याची इमारत १९८१ ची. आपल्याकडे बॅसून प्रत्यक्ष पाहायचे असेल तर मुंबईत एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफलीला जाता येते. मंचाच्या मध्यभागी, लाकडी फुंकवाद्यांच्या मागच्या रांगेत, डोक्याच्याही वर टोक गेलेल्या दोन तांबूस नळ्या दिसतील. त्यातली पहिली खुर्ची वायसेनबॉर्न यांची.